पिशवीची खाच कोणाची

सदाशिव पेठ, पुणे

अनंतभावजींस वहिनीचा नमस्कार. वर ‘श्री’ घातलेला नाही, सुतक आहे. नाहीतर अमेरिकेत बसून चुका काढाल. तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली असं समजा. तुमच्या दादांचा दहावा काल ओंकारेश्वरावर पार पडला, म्हणजे पाडावा लागला.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ‘वहिनीला आम्ही सांभाळू,’ असं तुमच्या दोन्ही चुलतभावांनी मोठ्यांदा सांगून पाहिलं. कावळ्याने मान फिरवली (त्यालाही खरं वाटलं नसावं). ह्यांचा जीव कशात अडकलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकाहत्तर साली ह्यांनी आणि यज्ञेश्वररावांनी मिळून, तोंड दाबलं की बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी काढली. (बंद झकास व्हायची, उघडायला कात्री लागे. धंदा त्यानेच बुडाला, पण हे दोघांनाही कधी पटलं नाही.) तिच्या एका काठाला कंगोरा, दुसऱ्याला खाच. दोन्ही आपल्याच डोक्यातून निघाली, असं दोघंही तीस वर्षं रोज संध्याकाळी माझा चहा पिऊन एकमेकांना सांगत आले. शेवटच्या दिवशी ऑक्सिजनची नळी बाजूला करून हे ‘खाच माझी’ एवढंच म्हणाले. मला काही म्हणाले नाहीत.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा सगळ्यांनी यज्ञेश्वररावांना पुढे ढकललं. टोपी सारखी करून ते पिंडाकडे बघत म्हणाले, “दीन्या, कंगोरा तुझा.” कावळा कठड्यावरून उतरला आणि थांबला. यज्ञेश्वररावांनी टोपी काढून हातात घेतली. मग बसक्या आवाजात म्हणाले, “घे, खाचही तुझीच.” शिवला हो. मला तिथेच रडू कोसळलं. तोवर आलं नव्हतं.

रिक्षात बसताच त्यांनी जाहीर केलं, की कावळ्यापुढची कबुली जबरदस्तीची, ती धरायची नाही. आज संध्याकाळी ह्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून पुन्हा तेच. ह्यांच्या वतीने मला भांडावं लागलं. चहा सवयीने तिघांचा टाकला होता.

बाकी ठीक. माझी काळजी नसावी.

तुमची वहिनी,
मंदाकिनी

ता. क. येताना तिकडच्या पिशव्या आणू नका. मागच्या मी माळ्यावर लपवल्यात. मेल्या सहज उघडतात.

आणखी एक. गणपतीत आला होतात तेव्हा स्वयंपाकघरात हळूच सांगितलंत, की असली पिशवी ह्या दोघांच्या आधीच परदेशात निघाली होती, आणि ती कोणाची यावर तिकडेही वाद आहेत. मी ह्यांना कळू दिलं नाही. तेराव्याला फोन कराल तेव्हा यज्ञेश्वरराव इथेच असतील. त्यांना सांगू नका. खाच दोघांचीही नाही हे कळलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याकडे कशाला येतील?