रताळेवाल्याची शिट्टी

३ सप्टेंबर

लेक राहते पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझा फेर्मीन आजही तिच्या बिल्डिंगखालच्या बाकावर! "नातीला खाली आण, म्हातारे." मोठ्या भूकंपात हा जिन्यात अडकला, तेव्हापासून आमच्या नवरोबांनी जिना सोडलाय. तेवढ्यात रताळ्याच्या गाडीची वाफेवरची चिरकी शिट्टी वाजली. इथे मेक्सिकोत भूकंपाआधी इशाऱ्याचा भोंगा वाजतो, तोच समजून हा थेट रस्त्याच्या मधोमध! मी हसले. मग फार वाईट वाटलं.

५ सप्टेंबर

समजावलं त्याला. घाबरलो की ताणाची संप्रेरकं उसळतात, आठवण घट्ट बसते.

"आणि ते तुमचं आनंदाचं रसायन?"

सेरोटोनिन! माझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना विचारा. आधीच बरेच दिवस ताणात असलेल्या उंदरात तेच भीतीची आठवण आणखी पक्की करतं. भूकंपाआधी फेर्मीन महिनाभर आजारी आईच्या उशाशी होता. म्हणून तुझ्या मनात एवढं रुतलं, म्हटलं.

"म्हणजे मी पिचलेला उंदीर?"

"देखणा उंदीर."

११ सप्टेंबर

उपाय सुरू. मोबाइलवर भोंग्याचा आवाज, अगदी हळू; त्याच्या हातात गरम रताळं, वर आटवलेलं दूध. भीतीची आठवण उपटता येत नाही, तिच्या शेजारी दुसरी लावता येते. पण माझं बोट चुकलं, आवाज मोठा झाला — शेजारची चेलोबाई केसांना रंग लावलेल्या अवस्थेत रस्त्यावर! "अगं बये, अख्ख्या मेक्सिकोला पळवशील!"

२६ सप्टेंबर

एक मजला चढला! माझा हात इतका आवळला की अंगठी रुतली. किती आवडतो हा माणूस मला.

८ ऑक्टोबर

लेक तापानं आडवी. मी तिच्याकडेच. नात रात्रभर रडते. झोप नाही, डोकं ठणकतंय.

१७ ऑक्टोबर

आज भोंगा वाजला. खरा! लेक डॉक्टरकडे गेलेली. सगळे धडाधड खाली, आणि मी नातीला घेऊन दारातच उभी. दिवा झुलत होता. पाय हलेचनात!

मग जिन्यात फेर्मीन दिसला, खालच्या बाकावरून आलेला. गर्दीच्या उलटा, धापा टाकत. पाच मजले!

"दे तिला. माझा शर्ट धर. चल."

कुठे काही पडलं नाही. सगळे सुखरूप.

२१ ऑक्टोबर

खाली बाकावर बसून लिहितेय, आता मलाच जिना नको वाटतो. मघाशी रताळेवाल्यानं शिट्टी वाजवली आणि मी रस्त्याच्या मधोमध! वर खिडकीतून फेर्मीन नातीचा हात हलवत होता. तिला लेकीकडे देऊन खाली आला, दोन रताळी घेतली, मोबाइल काढला.

"सरक गं, उंदरीणबाई. आवाज अगदी हळू ठेवतो."