एफपाशी अडलेलं गाणं

प्रिय जिजा,

कंजूष म्हणालीस ते म्हणालीस, पण आईसमोर कशाला? आणि वर फोन कट केलास. आज बावीस दिवस झाले. गणपतीत गिटार देतो म्हणालो होतो, मग दिवाळीत देतो म्हणालो, दोन्ही वेळा दिली नाही, कबूल. दिवाळीत तर घरीच आलो नाही. पण म्हणून तू म्हणावंस की दादाला स्वतःला काही वाजवता येत नाही, नुसत्या फेकतो, म्हणून मला पण शिकू देत नाही? बारावीला गेलीस म्हणून लगेच शहाणी झालीस होय? मी नववीतून बाहेर पडलो, पण खोटं बोलणारा माणूस वेगळा आणि गप्प बसणारा वेगळा, एवढं मलाही कळतं.

अक्षराला हसू नकोस. कागद सारखा सरकतोय म्हणून त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवलाय, आणि डब्याजवळ आली की ओळ वाकडी होते. फोनवरच बोललो असतो, पण तू लगेच व्हिडिओ लाव म्हणतेस. माझ्या फोनचा कॅमेरा गेलाय हे तुला सांगितलंय. पत्र लेस्लीच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरी आलं तर बाबा आधी फोडतील. तो तुला न उघडता देईल. तेवढा तो सरळ आहे.

लेस्लीचं तुला सगळं माहीत नाही. तू लहान होतीस. मी तेव्हा गाळ्यातलं काम सोडलं होतं, त्याआधी टेम्पोवरचं सोडलं होतं, त्याच्याआधी शाळा. बाबा म्हणायचे, ह्याच्या बुडाखाली मुंग्या आहेत. लेस्ली चर्चच्या गायकवृंदात गिटार वाजवायचा आणि तालीम संपली की आपल्या वाडीमागे बावखलाच्या काठावर येऊन तळ्यात पाय सोडून बसायचा. मी म्हटलं, मला दे एकदा. त्याने दिली, आणि जिजा, मी जन्मात पहिल्यांदा दोन तास एका जागी बसलो. बावखलातलं एक कासव वर येऊन बघून गेलं, तरी मी हललो नाही. डाव्या हाताच्या बोटांना त्याने नंबर दिले होते. अंगठ्याजवळचं एक नंबर, मधलं दोन, मग तीन, करंगळी चार. कॉर्ड म्हणजे तारांवर बोटांची एकेक मांडणी, पण तिचं नाव घ्यायचाच नाही, नुसता ओरडायचा, दोन नंबर मर गया क्या, दाब ना! बोटांची टोकं सोलून निघाली. आईने बघितलं आणि म्हणाली, कोनी मारलं रे तुला? तारांनी मारलं म्हटलं, तर तिने हळद लावली आणि बाबांना सांगू नको म्हणाली.

बाबांना कळलंच. लेस्लीचा एक नियम होता. गिटार हातात नसली तरी बोटं रिकामी ठेवायची नाहीत, जिथे मिळेल तिथे कॉर्ड बसवायची, म्हणजे बोटांना सवय लागते. मी सायकलच्या हँडलवर बसवायचो, केळीच्या दांड्यावर, स्वतःच्या हातावर. एकदा वाडीत पाणी लावताना फावड्याच्या दांड्यावर बसवत होतो, तर बाबा मागे उभे. फावड्याला गुदगुल्या करतोस काय रे, म्हणाले. शेजारचे पण हसले. मी पण हसलो खरं तर. पण त्याच आठवड्यात आमचं वाजलं आणि मी इकडे तमिळनाडूत, होसूरच्या कंपनीत निघून आलो, ते तुला माहीत आहे.

आईचं गाणं मात्र डोक्यात घेऊन आलो. कुठलं ते कळलंच असेल. सोनचाफ्याच्या पुड्या बांधताना गुणगुणते ते जुनं हिंदी. पहिल्या दोन ओळी म्हणते आणि पुढे नुसतं अं अं करते. लेस्लीने ते ऐकून मला चार कॉर्ड काढून दिल्या होत्या. सी, ए मायनर, जी, तिन्ही महिन्याभरात आल्या. चौथी एफ. ती तुला शिकायची आहे म्हणून सांगतो. तिच्यात एक नंबरचं बोट पट्टीसारखं आडवं टाकायचं आणि त्या एकट्याने सहा तारा धरायच्या, बाकीची बोटं वेगळं काहीतरी करत असतात. पहिल्यांदा वाजवलं की पत्र्यावर खडे टाकल्यासारखा आवाज येतो. सगळे तिथेच गिटार सोडतात, लेस्ली म्हणायचा. आईच्या गाण्याची दुसरी ओळ नेमकी एफवर आहे.

इथे खोलीत आम्ही पाच जण. ओडिशाचा एक जण गावाला परत जात होता, त्याच्याकडून गिटार घेतली. मान जरा वाकलेली आहे, पण वाजते. रोज कामावरून आलो की आईचं गाणं सुरू करायचो आणि दुसऱ्या ओळीला थांबायचो. खाली झोपणारा एक बिहारी आहे, मिश्रा. तो रोज म्हणायचा, भाई, तेरी गाडी यहीं बंद पडती है, धक्का मारूं? शेवटी शेवटी मी एफपाशी आलो की चौघेही धक्का मारायची अ‍ॅक्शन करायचे. मी ठरवलं होतं की एफ साफ आली की घरी यायचं, आईला पुड्या बांधायला बसवायचं आणि काही न बोलता वाजवायला लागायचं. तू पुढच्या ओळी म्हणायच्या, तिला न आठवणाऱ्या. म्हणूनच तुला गिटार आणायची होती. दोघांनी मिळून वाजवलं असतं.

आमचं काम प्रेसवर. पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, वरून मशीन येतं आणि पत्र्याची पट्टी वाकवतं. बटणं दोन असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच मशीन खाली येतं, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. पण सगळे डाव्या बटणात लाकडाची पाचर मारून ठेवतात आणि उजव्या हाताने एकच दाबतात. माल जास्त निघतो. साहेब बघतात आणि दुसरीकडे बघतात. मी पाचर मालासाठी मारली नव्हती, हे मी कोणालाच सांगितलं नाही. मला डावा हात मोकळा हवा होता. टेबलाच्या कडेवर मी दिवसभर एफ बसवायचो. मशीन खट करायचं आणि मी दाबायचो, मशीन खट, मी दाब. आठ तास. एवढा सराव लेस्लीने पण केला नसेल. आणि नवरात्राच्या आधीच्या रविवारी ती आली. सहाच्या सहा तारा, एकही मुकी नाही. मिश्राने धक्का मारायला हात वर केला आणि तसाच राहिला. मी गाणं शेवटपर्यंत वाजवलं. तुला फोन लावणार होतो, पण म्हटलं घाई नको, उद्या कामावरून आल्यावर सावकाश ऐकवू.

सोमवारी एक पट्टी आत अडकली. उजव्या हाताने सवयीने बटण दाबलं आणि डावा हात रिकामाच होता, तो पट्टी काढायला गेला. लेस्लीचे नंबर सांगितले ना तुला, त्यातले माझ्याकडे आता तीन आणि चार राहिलेत. आता दुखत नाही, मला पॅकिंगला टाकलंय, जेवता येतं, फक्त कागद धरता येत नाही. फोनचा कॅमेरा चांगला आहे. तू गिटार गिटार करायचीस तेव्हा मला तुझा राग यायचा, इथल्या गिटारच्या तारा पण मी पकडीने तोडल्या. पण बावीस दिवस तू बोलली नाहीस तेव्हा कळलं की गाणं आता माझ्याकडे राहिलं तर ते दुसऱ्या ओळीलाच राहील. आईला आत्ता सांगू नकोस, घरी येईन तेव्हा माझं मीच सांगेन. लेस्लीला तर कधीच सांगू नकोस, दादाने कंटाळून सोडली म्हण, त्याला ते लगेच पटेल. त्याच्याबरोबर जाऊन चांगली गिटार बघून घे आणि त्याच्याकडेच शीक. बोटं सोलतील, आईकडून हळद लावून घे. उशीवर, वहीवर, कुठेही कॉर्ड बसव, पण पाण्याच्या पंपाजवळ नको आणि स्कूटी चालवताना नको, माझी शपथ आहे. दुसरी ओळ पार केलीस की व्हिडिओ लाव, मी उचलेन. कंपनीने दवाखान्याचं भरलं आणि बोटामागे दहा हजार धरून एका कागदावर सही घेतली. ते पैसे माझ्याच्याने खर्च होत नाहीत, म्हणून आज सगळे तुझ्या खात्यात टाकले आहेत. वीस हजार.

तुझाच दादा,
प्रितेश