माइक चालूच होता

अहो,

परवा गेममध्ये माझ्याकडून हरलात, तो राग काल काढलात. मी इंटरनेटवर लाइव्ह खेळत असताना, गेमचं चित्र कॉम्प्युटरवर आणणाऱ्या कॅप्चर कार्डची वायर उपटलीत. कॉम्प्युटरवरचं चित्र गेलं, पण माइक चालूच होता. "वय काय तुझं, पोरखेळ बंद कर!" हे तुमचं ओरडणं सगळ्या बघणाऱ्यांनी ऐकलं. त्यांत वन्संही होत्या. त्यांनी लगेच फोन केला, "वहिनी, ये माझ्याकडे. हरला की पट उधळायचा, ही दादाची लहानपणापासूनची खोड!"

म्हणून गेमचा कन्सोल आणि कार्ड घेऊन त्यांच्याकडे जातेय. संध्याकाळी त्यांच्या कॉम्प्युटरवरून लाइव्ह येईन.

जेवण झाकून ठेवलंय. माझ्या माफीची वाट बघू नका. मी खेळणं सोडणार नाही. हे पटलं, तरच मला न्यायला या.