मशालीची दोन टोकं

२ मार्च

ती. दादास,
सा. न.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही.

स्मारक समितीचे हेडमास्तर येऊन गेले. नावांच्या यादीत ढब्बूचं नाव घालायला आईची सही लागते म्हणाले. मी चहा दिला, सही दिली नाही. लष्कराच्या पत्रात माझा मुलगा ‘बेपत्ता’ आहे. त्याहून जास्त त्यांना माहीत नाही, मलाही नाही. तीन वर्षं मागच्या दाराची कडी मी लावलेली नाही. पुतळा तू घडवतोयस, तेव्हा तूच त्यांना थांबव.

आणि वेळेवर जेवत जा.

तुझी धाकटी, अजून हट्टीच

९ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

मास्तरांना थांबवलं आहे, पण पंधरा तारखेपर्यंतच.

पुतळा डोळे मिटलेल्या, पंख असलेल्या तरुणाचा आहे. जुन्या ग्रीक मूर्तिकारांच्या लेखी झोप आणि मृत्यू जुळे भाऊ. चेहरा तोच, पंख तेच. मृत्यूची मशाल तेवढी उलटी, ज्वाळा जमिनीकडे. समितीला तीच हवी आहे.

एक कबूल करतो. कोरता कोरता कान ढब्बूचे झाले, तसेच बाहेर आलेले. मशालीच्या दोन्ही टोकांना मी दगडाची गाठ राखून ठेवली आहे. ज्वाळा कुठल्या टोकाला काढू ते तू सांग. म्हातारा मुसळ कोरतोय म्हणून कामगार हसतात. हसू देत.

जेवतो वेळेवर.

तुझाच,
दादा

१४ मार्च

ती. दादास,
सा. न.

काल तू खाणीवर गेलास तेव्हा मी तुझ्या कारखान्यात येऊन गेले. कान लगेच ओळखले. तुझा डबा भरलेला तसाच होता, तोही पाहिला.

मशालीची वरची गाठ कोरी आहे. खालच्या गाठीवर छिन्नीचे चार घाव आहेत, त्यांत धूळ बसलेली. म्हणजे तू सुरुवात केली होतीस आणि थांबलास. कधी, ते विचारत नाही.

मी त्याच्या छातीवर हात ठेवला. दगड उन्हाने कोमट होता. मी श्वासाची वाट पाहत राहिले. कामगारांनी हातोडे खाली ठेवले, तेव्हा भानावर आले.

ज्वाळा खाली काढ. सही सोबत आहे. नाव पूर्ण कोर. ढब्बू लिहिलंस तर तो माझ्याशी बोलायचा नाही.

कडी मात्र अजून लावलेली नाही. त्याबद्दल काही लिहू नकोस.

आहे तशीच माया राहू दे.

तुझी चिमणी