पाटीवर मागून घातलेला शब्द

अकोला,
उत्तम शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय पपा,

इतके महिने लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही गेल्यावर डायरीत तुमच्याशी बोलायची सवय लागली होती. मग ऑफिस, अमरावतीहून बडनेऱ्याला येऊन गाडी पकडणं, आईचे गुडघे, यात ती सुटली. खरं तर सांगण्यासारखं काही घडत नव्हतं म्हणूनही सुटली. आता घडलं आहे.

गेल्या शनिवारी आई आणि मी कब्रस्तानात आलो. तुमच्या शेजारच्या मोकळ्या जागेभोवती आईनं विटांची चौकट लावून घेतली आहे. तुम्हाला माहीत नसणार, तुम्ही तेव्हा नुकतेच आत गेला होतात! ती तिची जागा. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे आपापल्या कबरींना चुना मारतात, तेव्हा ती तुमच्या कबरीला मारते आणि उरलेला त्या विटांना. जिवंतपणी स्वतःच्या कबरीला चुना मारणारी अख्ख्या अकोल्यात ती एकटीच असेल.

त्या विटा जागेवर नव्हत्या. कुणीतरी उपटून तुमच्या कबरीवर ठेवल्या होत्या. तुमच्या छातीवर, पपा! नीट चळत लावून.

आईनं एकेक वीट मोजली. मग म्हणाली, "मानसं पद्धतशीर हायेत हो."

कोणाचं काम, हे दुसऱ्या दिवशी कळलं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारची उपासना संपली आणि चर्चच्या पंचमंडळाचे चिटणीस तायडे अंकल यांनी आम्हाला मागच्या खोलीत बोलावलं. तेच तायडे अंकल, जे तुमच्या पेटीला खांदा देताना फोटोसाठी मान वळवत होते. सोबत एक निवृत्त मास्तर, आणि चहात खारी बुडवणारे आणखी तिघे.

गुन्हा काय? तर आईचा दुसरा बाप्तिस्मा.

ही हकिगत तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही गेल्यावर आपल्या मंडळीतलं घरी कोण आलं? नाताळात गाणारे आले, तीन गाणी म्हटली, केक खाल्ला, गेले. रोज आल्या त्या गल्लीतल्या बाया, गच्चीवरच्या नव्या प्रार्थनाघरात जाणाऱ्या. त्यांनी आईला भाकरी आणून दिली, दवाखान्यात नेलं, डोक्याला तेल लावलं. मग एके दिवशी तिला गच्चीवर नेलं, वरून कापलेल्या काळ्या पाण्याच्या टाकीत स्टुलावरून उतरवलं आणि पास्टरनं बुडवून काढलं. मी फोनवर ओरडले. आई म्हणाली, "एवढ्या मायेनं नेलं त्यायनं, नाई कसं म्हनू? अन् उन्हाळा व्हता. गुडघ्याले बरं वाटलं."

तर त्या टाकीमुळे आई आता प्रोटेस्टंट राहिलेली नाही. आणि कब्रस्तान प्रोटेस्टंटांचं.

मी विचारलं, "अंकल, प्रोटेस्टंट म्हणजे कोण?"

पपा, तुम्ही असायला हवे होतात! पाच माणसं, जन्मभर हा शब्द छातीवर बिल्ल्यासारखा मिरवलेली. एक म्हणाला, जे पोपला मानत नाहीत ते. मी म्हटलं, गच्चीवरचेही मानत नाहीत. दुसरा म्हणाला, जुन्या मिशनमधून आलेले ते. तिसरा म्हणाला, ज्यांचा बाप्तिस्मा बुडवून नव्हे, डोक्यावर पाणी शिंपडून झाला ते; त्यावर मास्तरांनी हळूच आठवण करून दिली की कॅथलिकही शिंपडतात. मग त्या दोघांचीच जुंपली. शेवटी तायडे अंकल म्हणाले, "हे पाय सुनीता, आमी ज्याले प्रोटेस्टंट म्हनू तो प्रोटेस्टंट. सोपं हाये."

आईनं कप खाली ठेवला. "येशूले नदीत बुडवलं व्हतं ना? मंग त्याले जागा द्यान का नाई तुमच्या इथं?"

कुणी हसलं नाही. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "ताई, ते प्रोटेस्टंट नव्हते."

यावर मी काय लिहू? या माणसांना देवानं मेंदू दिला तो टोपी ठेवायला दिला का?

पण मग तायडे अंकलांनी मला गप्प केलं. खिडकीतून कब्रस्तानाच्या फाटकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आमचं नोको ऐकू. तुह्या बापानं काय लिवलं ते वाच."

ही तक्रार तुमच्याकडेच करायची आहे. तुम्ही का लिहिलंत ते?

मला आठवतं. मी पाचवीत असेन. तुम्ही रेल्वेचे पेंटर, मूर्तिजापूरपासून शेगावपर्यंतच्या स्टेशनांची नावं तुमच्या हातची. कब्रस्तानाची पाटीही तुम्हीच रंगवली होती. 'ख्रिस्ती कब्रस्तान', मोकळी, ऐसपैस अक्षरं. मग त्या वर्षी तिथं एका कॅथलिक नर्सला पुरलं आणि पंचमंडळाची झोप उडाली. तुम्हाला बोलावलं, म्हणाले, पुढे 'प्रोटेस्टंट' घाला. जागा होती कुठे? तुम्ही वरच्या कडेला बारीक अक्षरांत तो शब्द कोंबलात, गर्दीच्या डब्यात शेवटचा माणूस शिरतो तसा. रंगाचा डबा माझ्या हातात होता. घरी आल्यावर आईनं तुम्हाला जेवायला वाढलं नाही. माझ्या जन्माच्या वेळी रात्रभर तिचा हात धरून बसली होती ती हीच नर्स.

तुम्ही म्हणालात, "एका शब्दानं काय होते? मेलेल्याले वाचता येते का?"

जिवंतांना येतं, पपा. तेवढंच येतं त्यांना.

निकाल असा: ईस्टरला आईनं मंडळीपुढे उभं राहायचं आणि तो दुसरा बाप्तिस्मा खोटा होता असं म्हणायचं. म्हटलं तर तुमच्या शेजारची जागा तिची. नाही तर कुणाचीही.

बुधवारी मी गच्चीवरच्या पास्टरकडे गेले. वाटलं, हा तरी आईची बाजू घेईल. हा तर त्यांचाच धाकटा भाऊ शोभावा असा निघाला, फक्त इस्त्री कडक! म्हणाला, "सिस्टर, जमिनीचा मोह कशाला? आपलं वतन स्वर्गात आहे." यांच्याकडे कब्रस्तान नाही, म्हणून स्वर्ग. मग गोड हसून म्हणाला, "आणि पपांचं तर नुसतं शिंपडणंच झालं होतं ना? त्यांच्या तारणाबद्दल मी काही बोलणार नाही. पण मावशींना त्यांच्याजवळच का झोपायचंय?"

का झोपायचंय! चाळीस वर्षं तुमच्या घोरण्याशेजारी झोपलेल्या बाईला हा विचारतो.

आणि आजची गंमत ऐका. आजच्या गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी तिसरा उद्गार तायडे अंकलांच्या वाट्याला आला होता. मरणाच्या दारातही मुलानं आपल्या आईची सोय कशी लावली, यावर ते बोलले. डोळे पुसायला रुमाल काढला. आईनं मला कोपर मारलं, "मरियेले कोन्त्या कब्रस्तानात ठेवलं, इचार बरं त्याले." पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनी वळून पाहिलं.

मी हसले. उत्तम शुक्रवारी, चर्चमध्ये. मग वाईट वाटलं, आणि अजून वाटतं आहे. आठवडाभर मी या माणसांच्या नकला करते आहे, ऑफिसातल्या बायकांना हसवते आहे. हा तिरस्कार आईसाठी आहे की मला त्याची चव लागली आहे? अमरावतीत जवळचं म्हणून ज्या चर्चमध्ये मी जाते, त्याचा पंथ कोणता हे मला धड सांगता येणार नाही. हा मोठेपणा की आळस? माहीत नाही. पण विटा मी उपटल्या नाहीत. एवढा फरक मी स्वतःच्या बाजूनं धरते.

दुपारी आईला स्पष्ट विचारलं. म्हटलं, "एक वाक्य आहे गं. म्हणून टाक. मनात नको मानू. पपांजवळ जागा मिळेल."

मला वाटलं, रागावेल. ती पाय चोळत बसली होती. म्हणाली, "मले तुह्या पपाजवळच जायचं हाये. दुसरी जागा नोको मले. पन त्या बाया रोज भाकर आनतात सुने. त्यायचं पानी खोटं व्हतं, असं सांगू का जगाले?"

"मग जागा?"

"जागा माही हाये. चुना आनला का तू?"

म्हणजे ती माफी मागणार नाही. परवा पहाटेची उपासना कब्रस्तानातच आहे. सगळे मेणबत्त्या घेऊन येतील, तायडे अंकल सगळ्यांत पुढे. त्यांना दिसेल. उपासना संपेपर्यंत उजाडलेलं असेल, दिसलंच पाहिजे.

पपा, माझा शब्द घ्या. तुमच्या छातीवरच्या विटा मी माझ्या हातांनी उतरवून परत लावीन. पुन्हा उपटल्या तर पुन्हा लावीन. आईची वेळ येईल तेव्हा तिला त्या फाटकातून मीच आत आणीन, आणि ज्याला अडवायचं असेल त्यानं तिच्या पेटीपुढे उभं राहून, सगळ्यांदेखत, प्रोटेस्टंट म्हणजे कोण ते सांगावं.

आणि तुमचा तो शब्द. तुमचं अक्षर आहे, खरवडायला माझा हात होणार नाही. पण झाकता येईल. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पहिल्या पावसात धुऊन जाईल. जाऊ दे. दरवर्षी मारीन. तुम्ही मोकळ्या, ऐसपैस अक्षरांत लिहिले होतेत ते दोनच शब्द राहतील, 'ख्रिस्ती' आणि 'कब्रस्तान'. रागवाल का? रागवा. त्या दिवशी आईनं तुम्हाला जेवायला वाढलं नव्हतं, आज मी तिच्या बाजूनं आहे.

तुमची,
सुनी

उद्या: चुना आणणे. दोन कबरींपुरता, आणि एका शब्दापुरता.