दोन काठांची पत्रं

आंधळगाव
९ फेब्रुवारी २००३

प्रिय खुशबू,

आपण नागपूरला होस्टेलवर वाचलेलं चिनी कथांचं पुस्तक माझ्याकडेच आहे. देशाचे दोन तुकडे झाल्यानंतरच्या त्या कथा. एकीवरून आपण जेवण सोडून भांडलो होतो: बाप समुद्रापलीकडच्या बेटावर अडकलेला, आई इकडे वारलेली, आणि मुलगी आईच्या नावाने त्याला पत्रं लिहीत राहते. तू म्हणालीस, पोरीनं बरोबर केलं. मी म्हणाले, खोटं ते खोटं.

मग आपल्याकडे पक्षाचे दोन गट पडले. भीमजयंतीच्या दोन मिरवणुका निघाल्या. एकीत माझे बाबा, दुसरीत त्यांचे थोरले भाऊ, तुझे बाबा. यादोरावकाका तुम्हाला घेऊन तिरोड्याला गेले. पुढच्या वर्षी जिल्हा फुटला. आमच्या नकाशा कचेरीत नव्या नकाशावर दोन जिल्ह्यांमधली रेषा ट्रेसिंग पेपरवर मीच ओढली. बाबा म्हणाले, "आता त यादोचा जिल्हाही वेगळा झाला." हसले, पण जेवले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. काकांना लिहू का विचारलं, तर म्हणाले, "पह्यले त्यानं लिहावं. मोठा तोच आहे." म्हणून मीच त्यांच्या नावाने, त्यांच्या अक्षरात लिहिलं. नकाशे उतरवणाऱ्या हाताला अक्षर जड नाही. उत्तर आलं. 'तुझं पत्र मिळालं' ही ओळ गाळून मी ते वाचून दाखवलं, जणू काकांनीच आधी लिहिलं. त्यानंतरची दहा पत्रं बाबांनी सांगितली, मी फक्त लिहिली.

शेवटच्या उत्तरात काका रविवारी येणार होते. बाबांनी दाढी करून घेतली, खाट दाराशी ठेवायला लावली. रविवार गेला. मंगळवारी बाबा गेले.

तुला घेऊन काका मातीला आले. मी त्यांच्याशी बोलणार नव्हते. त्यांनी बाबांच्या कपाळावर हात ठेवला. "दोन ओळी त लिहाच्या होत्या रे, डोमा. धावत आलो असतो."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. नंतर मी ती अकरा उत्तरं ट्रेसिंगच्या काचेवर तुझ्या जुन्या पत्रांशी जुळवून पाहिली. काकांच्या अक्षराआड वळण तुझंच निघालं. त्या रविवारी तू काकांना आणणार होतीस, एवढं समजतं. का जमलं नाही, विचारत नाही.

लिहिण्याचं कारण एकच. आमची अकरा पत्रं तुझ्याजवळ असतील, ती काकांना दे. तू लपवलीस म्हण, शिव्या खा. पहिलं कोणाचं, ते सांगू नकोस. बाबा भावाची पत्रं उशाखाली ठेवून गेले. काकांच्या उशाखाली काहीच नाही.

या वेळी माझ्याच अक्षरात,
तुझीच
रश्मी