डाव्या स्पीकरच्या दोन तारा

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्ती, हे लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थकला, पण सोल्डरिंगचा डाग अजून सरळ बसतो. कोणाच्या धाकदपटशाने मी हे लिहीत नाही. जे लिहितो ते पोटात दुखतं म्हणून.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीस. तिने तिचं काय करायचं ते करावं, फक्त दर गोष्टीत धाकट्याला विचारत बसू नये. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, शाळेत चित्रकलेचा मास्तर होता.

कलम २. होम थिएटरचा रिसीव्हर धाकट्यास, कारण त्याला साजेसे स्पीकर त्याच्याकडेच आहेत. रिसीव्हर घेतला त्या दिवशी दुकानात हिच्यासमोर तो मला म्हणाला, "दादा, याच्या पाठीवर आठ ओहम लिहिलंय. चारचे स्पीकर लावलेस तर जास्त करंट खेचतील, तापून बंद पडेल. आणि तुमची खोली केवढीशी! छोटे घे." अरे, चाळीस वर्षं मल्टिमीटर मी धरला आणि मला ओहम हा शिकवणार! मलाही तेच घ्यायचे होते. पण तो बोलला, म्हणून मी मुद्दाम चारचे, कंबरेएवढे उंच घेतले. पहिल्याच दिवशी सगळे पाहुणे जमले, सिनेमा रंगात आला आणि विसाव्या मिनिटाला खट्ट करून सगळं गप्प. ही म्हणाली, "अहो, भावोजींचं ऐकलं असतंत तर?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कलम ३. सदर कंबरेएवढे स्पीकर भाचीस, वर कुंड्या ठेवायला.

कलम ४. मल्टिमीटर व सोल्डरिंग गन समोरच्या घड्याळवाल्यास. बारकी पकड लिहिलेली नाही, कारण ती त्याने दोन वर्षांपूर्वीच नेली आहे.

कलम ५. हे कलम माझ्या पश्चात धाकट्यास मोठ्याने वाचून दाखवावे. त्याने आठ ओहमचे छोटे स्पीकर घेतले आणि आपल्या साध्या ॲम्प्लिफायरला जोडले. ही दर रविवारी तिकडे सिनेमा बघायला जाऊ लागली आणि येऊन सांगायची, "कुजबुजसुद्धा स्पष्ट येते हो." मी जळत होतो. एका रविवारी सगळे चहाला आत गेले असताना मी डावा स्पीकर उघडला आणि आतल्या दोन तारा उलट्या लावल्या, म्हणजे उजवा हवा पुढे ढकलतो तेव्हा डावा मागे ओढतो आणि दोघांचा आवाज एकमेकांना खातो. बाहेरून लाल लालला, काळी काळीला, कोणाला काय दिसणार? त्या दिवसापासून ढमढम गायब झालं, आणि पडद्याच्या मधून येणारा आवाज कुठून येतो तेच कळेना. धाकटा स्पीकर उचलून माझ्याकडे घेऊन आला. मी तपासल्याचं नाटक केलं आणि म्हणालो, "स्पीकर ठणठणीत आहे. तुझाच कान गेला असेल." त्याने ते खरं मानलं, कारण दादा म्हणाला होता. तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी कान ठीक असल्याचं सांगितलं, तर याचा त्यांच्यावर विश्वास बसेना. स्पीकरवर त्याने चादर टाकली, गाणी ऐकणं सोडलं. याला नऊ वर्षं झाली. ही रविवारी घरी बसू लागली, पण माझ्याजवळ नाही, गॅलरीत.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी. सही करायच्या आधी शेजारच्या शिंप्याने हे वाचलं आणि म्हणाला, "मरायची वाट कशाला बघता? स्क्रूड्रायव्हर घ्या आणि निघा." हिला घेऊन गेलो. दोघांसमोर डावा स्पीकर उघडला, तारा दाखवल्या, सगळं सांगितलं. वाटलं, धाकटा हात उगारेल. त्याने फक्त विचारलं, "दादा, म्हणजे माझा कान शाबूत आहे?" मी हो म्हणालो. तो चादर छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. मग मी तारा सरळ लावल्या आणि आम्ही तिघं गाणी ऐकत बसलो. ही मधल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काही म्हणा, भावोजींची निवड म्हणजे निवड!"

मी अजूनही जळतो. कलम ५ वाचण्याची गरज उरली नाही. कलम २ मात्र कायम.

साक्षीदार : शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार : वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)
लिहून ठेवणार : धाकट्याचा दादा (सही)
स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : नऊ सप्टेंबर, रविवार